‘इट्स अलाइव्ह!’ : तो, की ते?

प्रश्न : १९३१ च्या ‘फ्रँकेनस्टाईन’ या इंग्रजी चित्रपटाची मराठी उपशीर्षकं लिहितोय. वीज कडाडते, छताशी नेलेलं टेबल खाली येतं, लोंबणारा हात हलतो आणि शास्त्रज्ञ हेन्री ओरडतो, ‘इट्स अलाइव्ह!’ मी लिहिलं, ‘तो जिवंत आहे!’ खटकतंय. काय चुकतंय?

उत्तर : ‘तो’ही आणि ‘आहे’ही. ढिगाऱ्याखालून कुणाला बाहेर काढलं की आपण ‘जिवंत आहे’ म्हणतो, म्हणजे जीव होताच, गेला नाही. ‘धुगधुगी आहे’ हेही तसंच, विझत आलेल्याबद्दलचं. इथं वेगवेगळ्या प्रेतांचे तुकडे शिवून केलेला देह आहे, तो आधी कधी जगलेलाच नाही. म्हणून ‘झालं’ हवं. माझ्या आजोळी कलम लागलं की म्हणत, ‘जीव धरला हो!’ बांधलेल्या फांदीला पहिला कोंब दिसला की. अर्थानं हेन्रीच्या कामाला हेच सगळ्यात जवळचं, पण किंकाळीत बसायला फार शांत.

आता ‘तो’. हिंदीत ‘वह’वर भागतं, आपल्याकडे नपुंसकलिंग शाबूत आहे, ते वापरा. मढं ते, भूत ते, धूड ते. पण मूल, लेकरू, वासरूही तेच. किळस आणि माया दोन्ही एका ‘ते’मध्ये मावतात, आणि त्या क्षणी टेबलावर जे आहे ते मढंही आहे आणि नुकतं जन्मलेलं मूलही. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्या जीवाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफचं नाव नाही, त्या भूमिकेपुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. त्याला घाईनं ‘तो’ करू नये.

आणखी एक मत : मग सरळ ‘राक्षस’ म्हणा ना! बातम्यांत तर ‘फ्रँकेनस्टाईन’ला ‘भस्मासूर’ म्हणतात.

उत्तर : राक्षसाला कूळ असतं, आईबाप असतात. याचं सगळं दुःख तेच नसण्याचं आहे. भस्मासुराला शंकरानं वर दिला, घडवलं नाही; उलटण्यापुरतं साम्य, पुढे नाही. शिवाय फ्रँकेनस्टाईन हे शास्त्रज्ञाचं आडनाव. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीतही त्या जीवाला नाव नाही. मी ‘धूड’ घेईन. गावकरी मशाली घेऊन पाठलाग करतात तिथं तर नक्की.

प्रश्नकर्ता : ‘हललं! जिवंत झालं!’ असं केलं. तळ्याकाठच्या छोट्या मारियाचं काय? तिच्यासाठी तो अनोळखी मोठा माणूस, म्हणून तिच्या तोंडी ‘तुम्ही’ लिहिलंय.

उत्तर : ते मात्र बदला. सगळे त्या धुडाला पाहून पळतात, ही एकटी हात धरते, फुलं देते, ती पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. तो हसतो. फुलं संपल्यावर तीही तरंगेल असं वाटून तिलाच पाण्यात टाकतो. हा तुकडा अनेक वर्षं कापलेला होता, त्यामुळे तिला त्यानं दुष्टपणानं मारलं असंच वाटायचं. ते दोघं त्या काठावर एका वयाचे आहेत. ‘माझ्याशी खेळाल का?’ हे पाहुण्याला विचारणं झालं. ‘खेळशील?’ एवढंच लिहा.