टॉर्क रेंच ५० दाखवते म्हणून इम्प्लांट टिकतो का?

अक्कलदाढ
सोळा वर्षं दातांची प्रॅक्टिस करतोय. हल्ली आमच्या गटांत एक नवी फुशारकी सुरू आहे. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. तो किती जोराने आवळला गेला ते दाखवणाऱ्या पान्याचा, म्हणजे टॉर्क रेंचचा, फोटो टाकायचा, काटा ५० न्यूटन सेंटिमीटरच्या पुढे, खाली दंड फुगवलेली इमोजी. माझं मत स्पष्ट आहे. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात हाड शिसवासारखं असतं. तिथे भोक मुद्दाम लहान ठेवून इम्प्लांट दामटणं म्हणजे आपल्याच हाताने हाड मारणं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात: बसवल्या क्षणी मिळते ती पकड निव्वळ स्क्रूची. पुढे दाबलेलं हाड झिजतं आणि टायटॅनियमवर नवं हाड चढतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास जुनी पकड गेलेली असते, नवी पुरती आलेली नसते. ब्रोनेमार्क यांनी गोथेनबर्गला १९६५ साली पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत ते खाली तीन आणि वर सहा महिने हिरडीखाली झाकून ठेवायचे. हौस म्हणून नाही.

हाडवैरी
सर, सोयीचा जबडा निवडलात! वरच्या दाढांकडे या. तिथलं हाड म्हणजे अनारशाची जाळी. दोन मिलिमीटरचा पहिला ड्रिल हाताला काही न कळवता आत जातो. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे शेवटच्या ड्रिलपर्यंत गेलात की इम्प्लांट भोकात गरागरा फिरतो. असे स्पिनर तुम्हीही पाहिले असतील, फोटो कुणी टाकत नाही एवढंच. म्हणून तिथे मी शेवटचा ड्रिल वापरतच नाही, किंवा डेन्सा बर (हाड दाबणारा खास ड्रिल) उलटा फिरवतो. हाड खरवडून बाहेर येण्याऐवजी भिंतीवर दाबलं जातं. समर्स यांनी १९९४ मध्ये हेच ऑस्टिओटोमने, म्हणजे हाड दाबणाऱ्या दांडीसारख्या हत्याराने, हातोडीचे ठोके देऊन केलं होतं. त्या ठोक्यांनी काही पेशंटना नंतर चक्कर यायची. बरने तो त्रास नाही. आणि लगेच दात द्यायचा तर निदान ३५ टॉर्क लागतोच, तो आणणार कुठून?

अक्कलदाढ
मऊ हाडात भोक लहान ठेवा, मान्य. मीही ठेवतो. पण हेच लोक तीच सवय घेऊन खाली येतात, दुखणं ते आहे. दुसरी गोष्ट उष्णतेची. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर दाखवलं की ४७ अंश एक मिनिट टिकलं तरी हाडाला इजा होते. गाईड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा नळीवाला साचा, लावून ड्रिल करताना त्या नळीमुळे थंड ठेवणारं सलाइन टोकापर्यंत नीट पोचत नाही. ड्रिल बाहेर काढून त्याच्या खाचा बघा. रक्तात भिजलेला ओला चुरा असेल तर ठीक. कोरडी, फिकट भुकटी असेल तर थांबा. मी ड्रिल वरखाली करत जातो, धार गेलेला ड्रिल सरळ फेकतो. (बिल बघून बायको ओरडते, पण असो.)

पाना_नंबर_बारा
गॅरेजवाला बोलतोय, दातातलं कळत नाही. पण ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्ट जास्त आवळला की आटे जातात. हातात येणारा बोल्ट शेवटच्या क्षणापर्यंत घट्टच लागतो.

हाडवैरी
दादा, तुमचा ब्लॉक जिवंत नसतो. हाड बिघडतं तसं भरूनही येतं.

वरणभात
वाद चालू द्या, पण मला उत्तर हवंय. माझ्या आईला वरच्या जबड्यात चार बसवले. ‘पन्नास आला’ असं डॉक्टरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तीन दिवसांत वर पूल, म्हणजे एकत्र जोडलेले दात. सातव्या आठवड्यात मागचा हलायला लागला आणि एका सकाळी पुलासकट हातात आला. दुखलं अजिबात नाही. आईला मधुमेह नाही, तंबाखू नाही.

अक्कलदाढ
बघा. टॉर्क एकदाच मोजता येतो, बसवताना. पुढे काय झालं ते त्यावरून कळत नाही. आयएसक्यू, म्हणजे इम्प्लांट हाडात किती स्थिर आहे याचा यंत्राने घेतलेला आकडा, मात्र पुन्हा पुन्हा घेता येतो. १ ते १०० चं माप असतं, ७० च्या वर असेल तर मी निर्धास्त, ६० च्या खाली असेल तर थांबतो. सहाव्या आठवड्यात पूल काढून कुणी मोजला होता का?

वरणभात
नाही. ते यंत्र तिथे पाहिल्याचं आठवत नाही.

हाडवैरी
मोजला असता तर आकडा पडलाय हे कळलं असतं, पण का पडला ते नाही. ताई, निघालेला इम्प्लांट ठेवलाय का? त्यावर हाडाचे कण आहेत?

वरणभात
आईने कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात जपून ठेवलाय, पैसे गेलेत ना. आत्ता काढून पाहिला. करडा, नव्यासारखा. आट्यांमध्ये काहीच नाही.

अक्कलदाढ
म्हणजे भोवतीचं हाड दाबाने मेलं, नवं धरलंच नाही.

हाडवैरी
किंवा पूल लगेच चावायला लागला. दीडशे मायक्रॉनच्या वर हालचाल झाली की भोवती हाडाऐवजी मऊ पेशींचं आवरण तयार होतं. बसवण्यात चूक नव्हती, दात देण्याच्या घाईत होती.

अक्कलदाढ
आणि ती घाई कशाच्या जोरावर केली? त्या पन्नासच्याच ना!

वरणभात
बाकीचे तीन अजून तोंडात आहेत हो. उद्या आयएसक्यू मोजणारं कुणी नाशिकमध्ये असेल तर सांगा.