बुद्धिबळाच्या साइटचं सभासदत्व: पैसे भरलेत का? अनुभव सांगा

अडीचघर
कपाट आवरताना बाबांची डाव टिपायची वही सापडली. हरलेला डाव ते रात्री पुन्हा पटावर मांडायचे आणि जिथे बिघडला त्या चालीखाली लाल रेघ मारायचे. चेस डॉट कॉमवर तेच काम गेम रिव्ह्यू करतं, पण फुकटात मोजकंच. पुढचा डाव तपासायला गेलं की गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड या पैशाच्या सभासदत्वांची पाटी. वर्षाचे पैसे भरावेत असं फार मनात आहे. ज्यांनी भरले, ज्यांनी भरून बंद केले, सगळ्यांनी लिहा. खरंच वापरलं काय गेलं?

तिरका_उंट
लिचेस ही दुसरी साइट बघा. कोडी हवी तेवढी, जाहिराती नाहीत, सगळं फुकट. २०१० पासून आहे, देणग्यांवर चालतं.

आईचा_वजीर
लेकीसाठी डायमंड घेतलंय. धड्यांचे व्हिडिओ आता बघत नाही, कोडी मात्र रोज. रिव्ह्यूने काल सांगितलं, इथे उंट डी३ या घरावर बरा होता. तिने ठेवून बघितला आणि ओरडली, "अगं आई, तो एच७ वर डोळा ठेवून बसतो!" मला तेवढ्यात पैसे वसूल वाटले. बाकी नंतर लिहिते, कुकर लावायचाय.

हत्ती_सातव्यावर
अडीचघर, पैसे कशाचे ते आधी बघा. इंजिनाचे, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामचे नाहीत. स्टॉकफिश हे इंजिन २००८ पासून मुक्त आहे, साध्या फोनवरही फुकट चालतं आणि कुणाही माणसापेक्षा भारी खेळतं. पैसे जातात ते समजावून सांगण्याचे. इंजिन नुसतं उणे दीड (काळा साधारण दीड प्याद्याने पुढे) दाखवतं, का ते आपणच शोधायचं. नवख्याला तिथे शब्दांचा आधार लागतो, म्हणून सुरुवातीचं एखादं वर्ष भरायला माझी हरकत नाही. पण बाबांची ती सवय सोडू नका. आधी स्वतः डाव बघायचा, कुठे फिरला ते लिहायचं, मग बटण दाबायचं. मी शिकवतो त्या मुलांत हे करणारी पुढे गेली, सभासदत्व असो वा नसो.

रात्रपाळी
भरणार असाल तर आपोआप नूतनीकरण लगेच बंद करा. एका साइटने (नाव नको) वर्ष संपल्यावर न विचारता पैसे कापले, परत मिळवताना जीव मेटाकुटीला आला. आणि फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं तर बंदही तिथूनच करावं लागतं.

तिरका_उंट
अरेरे. मिळाले का शेवटी?

रात्रपाळी
मिळाले हो.

जुना_पट
वहीत नोंद कशी आहे? पी-के४ अशी, की ई४?

अडीचघर
पी-के४! मला वाचताच येईना.

जुना_पट
मग जुन्या वर्णनात्मक पद्धतीची. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, १९८१ पासून ती मान्य करणं थांबवलं. पी म्हणजे प्यादं, के म्हणजे राजाचा स्तंभ. काळ्याची घरं काळ्याच्या बाजूने मोजायची, म्हणजे काळ्याचं पी-के४ हे आजच्या पद्धतीत ई५. अडलं तर इथे टाका, सांगतो.

आईचा_वजीर
किती छान! ते डाव लिचेसच्या स्टडीत (डाव साठवायच्या वहीत) भरून ठेव गं, फुकट आहे. हवं तिथे टिपणं लिहिता येतात.

प्यादं_पुढे
मी लिचेसला दर महिन्याला थोडे देतो. बदल्यात नावापुढे पंखाचं चिन्ह, बाकी जादा काही नाही. न देणाऱ्यालाही सगळं तेच मिळतं, म्हणूनच द्यावंसं वाटतं.

अडीचघर
सगळ्यांचे आभार. वर्षाचं आत्ता नको, एक महिना घेऊन बघते. हत्तीदादा, बटणाआधी लिहायचं हे पक्कं.

रात्रपाळी
आज पाळी नाही. कुणी १५+१० (पंधरा मिनिटं, दर चालीला दहा सेकंद जादा) खेळणार का? दहानंतर.

तिरका_उंट
मी आहे. काळे मला.