मदत हवी आहे: दहावीच्या मुलांशी बोलायला टेक्निकल क्षेत्रातली माणसं

नमस्कार. मी संगमनेर तालुक्यात हायस्कूलला शिकवते. आमच्या मुलांना आयटी म्हणजे हिंजवडी आणि लॅपटॉप एवढंच ठाऊक. आयटीआय, तीन वर्षांचा डिप्लोमा की अकरावी सायन्स, हे ठरवण्याआधी त्यांनी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची मुलाखत घ्यावी असं मनापासून वाटतं. सॉफ्टवेअर टेस्टिंग, नेटवर्किंग, सीएनसी (म्हणजे कारखान्यातली संगणकावर चालणारी मशीन्स) प्रोग्रॅमिंग, काहीही चालेल. डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेलेलं कुणी असेल तर फारच उत्तम, हा रस्ता बऱ्याच पालकांना माहीतच नसतो. प्रश्न मुलंच काढतात. एकीने वहीत लिहिलंय, "रात्री सर्व्हर बंद पडला तर तुम्हाला उठवतात का?" शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास व्हिडिओ कॉलवर, मराठीत, कुणी देऊ शकेल का?