लेक कोमो एका दिवसात नको, तीन रात्री राहा आणि चाला (फॅमिली ग्रुप)

बाबा: मनू, ट्रॅव्हलवाल्याने प्लॅन पाठवलाय. सकाळी मिलानहून बस, कोमो गावात दीड तास, मग बोटीने बेलाजिओ, तिथे दोन तास, संध्याकाळी परत मिलान. आई, मी, आत्या, आप्पा आणि वहिनी असे पाच जण. मेचा दुसरा आठवडा. कन्फर्म करू का?

मनू: बाबा थांबा, कन्फर्म करू नका प्लीज. या प्लॅनमध्ये तुम्ही अख्खा दिवस रांगेत उभे राहाल, बोटीच्या रांगेत, मग जिलातोच्या (इटालियन आइस्क्रीमच्या) रांगेत, मग परत बोटीच्या. बेलाजिओ सुंदर आहेच, पण दुपारी अकरा ते चार तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि नेमके त्याच वेळात तुम्हाला तिथे सोडणार. तीन रात्री वारेन्नाला राहा. बाकी सगळं मी बघते.

वहिनी ठाणे: वारेन्ना म्हणजे कुठे? दीपिका रणवीरचं लग्न झालं ते?

मनू: नाही वहिनी, ते व्हिला देल बाल्बियानेल्लो, लेन्नो गावाजवळ, समोरच्या किनाऱ्यावर. तिथेही नेणारे तुम्हाला. वारेन्ना पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे. तलाव उलट्या वाय अक्षरासारखा आहे ना, तीन फाटे जिथे मिळतात त्या मधल्या भागात वारेन्ना, बेलाजिओ, मेनाज्जो ही गावं समोरासमोर आहेत आणि दिवसभर फेरीबोटी चालू असतात. वारेन्नाहून बेलाजिओ पंधरा मिनिटं. मिलानच्या सेंत्राले स्टेशनवरून वारेन्नाला थेट ट्रेन आहे, तासभराच्या थोडं वर लागतो. जाताना डावीकडच्या खिडकीत बसा, लेक्को गेलं की तलाव सुरू होतो तो थेट वारेन्नापर्यंत सोबत.

आप्पाकाका: कोमो शहर पूर्ण वगळायचं? व्होल्टाचं गाव आहे ते. मी तीस वर्षं पोरांना व्होल्टाची बॅटरी शिकवली.

मनू: काका तुमच्यासाठी शेवटचा अर्धा दिवस कोमो ठेवते. व्होल्टाचा जन्म तिथलाच, १७४५ चा, आणि तलावाकाठी त्याच्या नावाचं छोटं देवळासारखं म्युझियम आहे, त्याची उपकरणं ठेवलीयत. कथेड्रलच्या दाराच्या दोन्ही बाजूंना दोन प्लिनींचे पुतळे आहेत, प्राचीन रोमन लेखक, थोरला आणि धाकटा, दोघं कोमोचेच. पण काका, तुमच्यासाठी खरी जागा वारेन्नातच आहे. व्हिला मोनास्तेरो. आधी तिथे जोगिणींचा मठ होता, आता तलावाला लागून लांबच लांब बाग आहे, आणि १९५३ पासून तिथे फिजिक्सची समर स्कूल भरते. १९५४ च्या उन्हाळ्यात खुद्द अणुशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने तिथे लेक्चर्स दिली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला. शाळेला आता त्याचंच नाव आहे.

आप्पाकाका: फर्मी?? मग बाकी कुठे नाही नेलंस तरी चालेल.

आत्या मालवण: अगो मनू, पण माझे गुडघे. तू चालायचं म्हणतेस, डोंगर आहे ना तो?

मनू: आत्या तुझा विचार करूनच सांगतेय. डोंगर थेट पाण्यात उतरलेत हे खरंय, हिमनदीने कोरलेला तलाव आहे, मध्ये चारशे मीटरच्या वर खोल. त्यामुळे गावांना सपाट जागाच नाही, घरं एकावर एक चढवलेली आणि मधून आपल्या कोकणातल्या पाखाडीसारख्या दगडी पायऱ्यांच्या बोळी, वरच्या रस्त्यापासून खाली पाण्यापर्यंत. पूर्वी गावाहून गावाला जायचं तर एक तर होडी नाही तर खेचरांची पायवाट, मोटारीचे रस्ते आणि बोगदे फार उशिरा आले. त्या पायवाटा अजून आहेत, नीट पाट्या लावलेल्या आहेत आणि मी ज्या चालण्याबद्दल बोलतेय ते हेच. काही सपाट आहेत, काही चढाच्या. तुझ्यासाठी सपाट निवडू, आणि जिथे दमशील तिथून बोट किंवा बस आहेच.

आई: तिच्या गुडघ्यांबरोबर माझंही बघ. आणि जेवणाचं काय, मी शाकाहारी.

मनू: हो आई, जेवणावर वेगळं लिहिते.

मनू: आधी पहिला दिवस. दुपारी वारेन्नाला पोचायचं, सामान टाकायचं आणि फक्त गाव बघायचं. बोटीच्या धक्क्यापासून जुन्या गावापर्यंत खडकाला चिकटून पाण्यावर काढलेला लोखंडी पूल आहे, लाल कठड्यांचा, वर वेली सोडलेल्या. जवळपास सपाट, दहा मिनिटं. त्याच्या टोकाला जुनी कोळ्यांची घरं, गेरू, पिवळी, गुलाबी. ज्यांना जमेल त्यांनी मग वर वेझिओच्या किल्ल्यावर, चढ खडा आहे, अर्धा तास धरा, पण ऑलिव्हच्या झाडांतून जातो आणि बुरुजावरून तलावाचे तिन्ही फाटे एका नजरेत. आत्या आणि आई टॅक्सीने वर वेझिओच्या वाडीपर्यंत येऊ शकतात, तिथून थोडंच.

छोटू: ताई तिथे ससाणे उडवतात ना किल्ल्यावर? रीलमध्ये बघितलं. मी पण येतो ना.

बाबा: तुझी बारावी आहे. अभ्यास कर.

मनू: हो रे, शिकारी पक्षी ठेवलेत तिथे. पुढच्या वेळी नक्की.

मनू: दुसरा दिवस मुख्य. समोरच्या किनाऱ्यावर ग्रीनवे म्हणून वाट आहे, कोलोन्नोपासून कादेनाब्बियापर्यंत, दहा किलोमीटरच्या आसपास. बराचसा भाग जुन्या रेजिना रस्त्याचा, रोमन काळापासूनचा मार्ग. पूर्ण करायची गरज नाही, कोलोन्नोला बसने उतरायचं आणि लेन्नोपर्यंत यायचं, साधारण अर्धी वाट. घरांच्या मागून जाते, कुणाच्या लिंबाच्या झाडाखालून, कुणाच्या कपडे वाळत घातलेल्या गच्चीखालून, मध्येच चॅपल, मध्येच कपडे धुवायचा दगडी हौद. जिथे गावात नळ दिसेल तिथलं पाणी पिण्याचं असतं, पिऊ नका अशी पाटी नसली तर. बाटल्या विकत घेऊ नका.

आप्पाकाका: वाटेत ऐतिहासिक काही?

मनू: काका, पावलापावलावर. साला गावाच्या समोर छोटंसं बेट दिसतं, इसोला कोमाचिना, या तलावातलं एकमेव बेट. मध्ययुगात तिथे भरलेलं, तटबंदीचं गाव होतं, चर्चेस होती. कोमो आणि मिलानच्या भांडणात ते मिलानच्या बाजूने गेलं आणि ११६९ मध्ये कोमोवाल्यांनी ते अख्खं जाळून टाकलं. लोक पळून समोर वारेन्नाला गेले असं तिथे सांगतात. म्हणजे तुम्ही ज्या गावात झोपणार तिथे आणि ज्या बेटाकडे बघणार तिथे एकच गोष्ट आहे, आणि एका दिवसाच्या टूरमध्ये हे कुणाला कळतच नाही, म्हणून मला त्या टूरचा राग येतो. आजही जूनच्या शेवटी सान जोव्हान्नीच्या सणाला बेटावर आतषबाजी करतात ती त्या आगीची आठवण, आणि पाण्यावर गोगलगाईच्या शिंपल्यांतले दिवे सोडायची रीत आहे. तुम्ही मेमध्ये येताय म्हणून ते चुकेल, पण बेटावर पडक्या चर्चच्या पायांमधून फिरता येतं.

आप्पाकाका: आणि मुसोलिनी इथेच कुठेतरी ना?

मनू: हो, लेन्नोच्या पुढे मेत्झेग्राच्या जुलिनो वाडीत त्याला गोळ्या घातल्या, २८ एप्रिल १९४५. आदल्या दिवशी वर दोंगो गावात पकडला होता. एका बंगल्याच्या फाटकापाशी काळा क्रॉस आहे, बाकी काही नाही. वाट तिथून जवळच जाते, बघायचं तर बघू.

वहिनी ठाणे: आणि व्हिला? मला तोच बघायचाय.

मनू: वहिनी, लेन्नोहून एक किलोमीटर चालत किंवा छोट्या बोटीने. सोमवारी आणि बुधवारी साधारण बंद असतो म्हणून आपण मंगळवार धरू, आणि आत घर बघायचं तर तिकीट आधी काढावं लागतं, मी काढते. नोव्हेंबर २०१८ मध्ये लग्न झालं, एक दिवस कोकणी पद्धतीचं, एक दिवस सिंधी. पण मला त्या घराचा शेवटचा मालक जास्त आवडतो, ग्विदो मोन्झिनो. कुत्र्यांच्या स्लेजवरून उत्तर ध्रुवावर गेला, १९७३ मध्ये इटलीची पहिली एव्हरेस्ट मोहीम त्यानेच नेली. वरच्या मजल्यावर त्याच्या मोहिमांचं सामान आहे, स्लेज वगैरे. जाताना घर आणि बाग इटलीच्या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन गेला आणि बागेतच, जुन्या बर्फ साठवायच्या खोलीत त्याची समाधी आहे. नुसता फोटो काढून परत येऊ नका, वरच्या मजल्यावर नक्की जा.

बाबा: हॉटेल महाग असेल वारेन्नात. मिलानला तुझ्याकडे फुकट.

मनू: बाबा महाग आहे, खोटं नाही सांगत, मेमध्ये तर फारच. पण एक स्टेशन पुढे बेल्लानोला बरंच स्वस्त मिळतं, आणि गाव टुरिस्टांचं कमी, तिथल्या लोकांचं जास्त. खरं सांगू, मला स्वतःला बेल्लानोच आवडेल. ट्रेनने वारेन्ना पाच मिनिटं. गावाच्या डोक्यावर ओढ्याने डोंगर चिरलाय, त्या घळीत खडकाला लोखंडी पायवाटा टांगल्यात, खाली पाणी घुमतं.

आई: मग बेल्लानोच घे.

मनू: चालेल, तसंच बघते. आणि त्याचा एक फायदा म्हणजे तिसऱ्या दिवशी व्हियांदान्ते वाट. पूर्व किनाऱ्यावर लेक्कोच्या बाजूने कोलिकोपर्यंत चाळीसेक किलोमीटरची, नारिंगी पाट्यांची. चेस्टनटच्या रानातून, ऑलिव्हच्या मळ्यांतून, आणि तिची खरी मजा अशी की खालून रेल्वे समांतर धावते, त्यामुळे कुठेही चढा, कुठेही उतरा. बाबा आणि काका वारेन्ना ते बेल्लानो चालत येतील, दोनेक तास, चढउतार आहे. आई, आत्या, वहिनी तोपर्यंत व्हिला मोनास्तेरोच्या बागेत, नाहीतर बोटीने त्रेमेत्झोला व्हिला कार्लोत्ता, मेच्या सुरुवातीला तिथे अझेलिया आणि रोडोडेंड्रॉन फुललेले असतात, माणसापेक्षा उंच ताटवे.

आप्पाकाका: अगं पण मला फर्मी बघायचाय.

मनू: काका तो पहिल्या दिवशीच. आणि तुमच्यासाठी अजून एक, वारेन्नाच्या दक्षिणेला फ्युमेलात्ते म्हणून नदी आहे, उगमापासून तलावापर्यंत फक्त अडीचशे मीटर. वसंतात सुरू होते, शरदात गडप. पांढरी फेसाळ, दुधासारखी. लिओनार्दो दा विंचीने तिची नोंद करून ठेवलीय. दफनभूमीच्या बाजूने वाट जाते, वीसेक मिनिटं.

आत्या मालवण: जेवणाचं लिहिणार होतीस.

मनू: हो आत्या. आईसाठी पित्सोक्केरी, शेजारच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातला पदार्थ, बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज, लसूण, भरपूर लोणी. आणि पोलेंता, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, चीज घालून. शाकाहारी म्हणून सांगताना मासे पण नको हे वेगळं सांगायचं, नाहीतर मासे आणून ठेवतात. तुझ्यासाठी मिस्सोल्तिनी. अगोने नावाचा तलावातला मासा, साफ करून मीठ लावून दोरीवर उन्हात वाळवतात, मग डब्यात तमालपत्राच्या थरांत दाबून महिनोन्महिने ठेवतात. खाताना निखाऱ्यावर भाजून व्हिनेगर, सोबत पोलेंता. वास येतो, कडक खारट असतो, बऱ्याच टुरिस्टांना झेपत नाही. तुला झेपेल.

आत्या मालवण: सुको मासो आणि मका ना? बाई, मी तर ह्यासाठीच येतेय आता.

मनू: जेवायच्या वेळा मात्र पाळा. दुपारी बारा ते दोन, मग बऱ्याच ठिकाणी किचन बंद ते थेट सातला. चारच्या चहाला बार शोधायचा, बार म्हणजे तिथे कॉफीचं दुकान. बिलात माणशी दोन-तीन युरो वेगळे लावतात, ब्रेड-टेबलचे, फसवणूक नाही, पद्धत आहे. कागदी ट्रेन तिकीट प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये छापून घ्यायचं, नाहीतर दंड. आणि शुक्रवारचा प्रवास टाळू, संप बहुतेक शुक्रवारीच असतात.

बाबा: बोट पावसात बंद पडते का? मेमध्ये पाऊस असतो म्हणे.

मनू: पावसात चालू असतात बाबा. जोराच्या वाऱ्यात काही फेऱ्या रद्द होतात. तलावाचे दोन वारे आहेत, पहाटे उत्तरेकडून तिवानो, दुपारनंतर दक्षिणेकडून ब्रेव्हा, पूर्वी शिडाच्या होड्या यांच्यावरच चालायच्या. म्हणून सकाळी पाणी शांत, दुपारी लाटा. आत्या, तुला बोट लागते ना, आपण मोठ्या फेऱ्या सकाळीच घेऊ.

आत्या मालवण: मला नाही लागत, तुझ्या आईला लागते. मी मालवणची.

आई: लागते. गोळी घेईन.

वहिनी ठाणे: बेलाजिओ मग जायचंच नाही का? सगळे विचारतील.

मनू: जाऊ वहिनी, पण सहाच्या बोटीने, डे-टूरवाले गेल्यावर. पायऱ्यांच्या बोळी रिकाम्या होतात. टोकाला पुंता स्पार्तिव्हेंतो आहे, जिथे तलाव दुभंगतो, तिथे बसू. मागच्या बाजूला दहा मिनिटांवर पेस्काल्लो, छोटी कोळीवाडी, तिथे कुणी जात नाही. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ मात्र आधी बघून ठेवायची.

बाबा: बरं. ट्रॅव्हलवाल्याला नाही सांगतो. बेल्लानो, तीन रात्री, दोन खोल्या?

मनू: तीन खोल्या बाबा, काका घोरतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत ऑप्शन टाकते, पहिल्या मजल्यावरच्या किंवा लिफ्टवाल्या. आणि सगळ्यांनी ग्रिपवाले बूट घ्या, तिथले दगडी गोटे पावसात फार घसरतात, आत्या तू सॅंडल नकोच आणू.

आप्पाकाका: बूट शनिवारी दादरला जाऊन घेतो. वहिनी, तुमचा नंबर किती?

वहिनी ठाणे: ५. काळे नकोत.