मदत हवी आहे : मिरची-वांग्याची रोपं दोन पानांवर येऊन मरतात, गाव खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेला भाग)

सांदवाडी :

नमस्कार मंडळी. आमचं गाव अकोट तालुक्यात, पूर्णेच्या बाजूला. वावरात कपाशी, तूर, हरभरा. घरामागच्या सांदवाडीत भाजीपाला करायचा आणि रोपं जास्त झाली तर बचत गटातल्या बायकांना द्यायची असा विचार आहे. सांबार (कोथिंबीर), पालक, मेथी थेट पेरून येतं, त्याची काळजी नाही. अडलंय ते मिरची, वांगी आणि टमाटरच्या रोपांवर. विकतची रोपं आणली की मिरचीवर पंधरवड्यात चुरडा-मुरडा येतो (पानं आकसून वळतात), म्हणून घरीच करायची आहेत.

काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना बिघाड कुठे आहे ते सांगता येईल. मृगाच्या आधी 98 खणांचे ट्रे आणले. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट बोअरच्या पाण्यात भिजवली, थोडं गांडूळखत मिसळलं आणि एका खणात एक बी टाकलं. मिरचीचं बी पाकिटातलं, वांग्याचं घरचं. ट्रे एकावर एक ठेवून ताडपत्री झाकली आणि कोंब दिसल्यावर सपरीत (छपराखाली) मांडले. वांगी छान उगवली, मिरची निम्मीच. पहिली दोन पानं उघडली आणि मग मर सुरू झाली.

मरण्याचे प्रकार दोन दिसले, ते मुद्दाम वेगवेगळे लिहिते.

काही रोपं सकाळी आडवी पडलेली असायची. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट, वरची पानं मात्र हिरवीच. ही मर ट्रेच्या एका कोपऱ्यातून सुरू झाली आणि गोलाकार पसरत गेली.

पण बरीचशी रोपं पडलीच नाहीत. उभीच राहिली, वाढ खुंटली, पानांच्या कडा तपकिरी होऊन टोकाकडून आत वाळत आल्या. उपटून पाहिलं तर मूळ आखूड, टोकाला काळपट, पांढरी मुळी जवळजवळ नाहीच. कोकोपीटवर पांढरी भुकटी धरलेली. बोटाला लागते आणि जिभेला खारट लागते.

कृषी केंद्रात रोप दाखवलं. मर रोग म्हणाले, कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक दिलं. ते ओतल्यावर पडणारी रोपं थांबली, उभी वाळणारी थांबली नाहीत. दोन दिवसांनी ट्रायकोडर्मा हे जैविक औषधही दिलं, तरी फरक नाही.

पाणी बोअरचंच. पाण्याची मशीन बसवायला आलेल्या मुलाने टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजला होता, 1900 च्या आसपास निघाला. प्यायला नळयोजनेचं येतं, पण त्याचा भरवसा नसतो आणि ते रोपांना घालायला जीव होत नाही.

हे पाण्यामुळे होत असेल का? असेल तर घरी खात्री कशी करायची? पोळ्यानंतर टमाटर, वांगी आणि कोबी पेरायची आहे, तोवर पाण्याची सोय काय करावी? गावातल्या आरओ प्लांटचं बाजूला सोडलेलं पाणी फुकट मिळतं, ते चालेल का?

आणि एक. सासूबाई सांगतात, पूर्वी ट्रे नव्हते, वाफ्यात रोपं टाकायचे आणि याच गावात वांग्या-मिरचीची रोपं भरभरून व्हायची. त्या खोटं सांगत नाहीत, शेजारच्या काकूही तेच सांगतात. मग तेव्हा कसं जमत होतं?

काळी_कसदार :

ताई, आरओचं सोडलेलं पाणी अजिबात वापरू नका. मशीन गोडं पाणी एकीकडे काढते आणि त्यातला सगळा खार दुसऱ्या नळीने बाहेर टाकते. म्हणजे ते तुमच्या बोअरहून खारं असतं. आमच्या गावात लोक तेच झाडांना घालतात आणि झाडं का जळतात म्हणून विचारतात.

धानपट्टा :

मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडे पाणी गोडं, त्यामुळे खाराचा अनुभव नाही, पण आडव्या पडणाऱ्या रोपांबद्दल सांगतो. तो मर रोगच आहे, पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशांचा. दाट पेरणी, कायम ओलं माध्यम, हवा न खेळणं, अर्धवट कुजलेलं शेणखत आणि संध्याकाळचं पाणी, यावर तो पोसतो. पाणी सकाळीच द्या, वरचा थर थोडा कोरडा दिसेपर्यंत पुढचं पाणी नको. जुने ट्रे धुऊन कडक उन्हात वाळवूनच परत वापरा. पेरण्याआधी किलोभर बियाला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळतात. घरचं चमचाभर बी असेल तर बी हलकं ओलं करून चिमूटभर पुरे.

देठ मऊ पडून रोप झुकलेलं नसेल, उलट सुरीने कापल्यागत तुटून पडलेलं असेल, तर तो रोग नव्हे. ती रात्री देठ कुरतडणारी अळी. सकाळी खोडालगत माती उकरून बघा, वेटोळं करून बसलेली सापडते.

पूर्णाकाठ :

ताई, तुम्ही दोन प्रकार वेगळे लिहिले म्हणून उत्तर देता येतंय. पडलेली रोपं बुरशीची, ते धानपट्टा भाऊंनी सांगितलंच. उभी वाळली ती खाराची. कॉपरने पहिली थांबली आणि दुसरी थांबली नाहीत, यातच उत्तर आहे. मी दर्यापूरकडचा, हाच पट्टा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हेच दुखणं आहे. दुकानात रोप नेलं की औषध मिळतं, पाण्याबद्दल कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हिशेब करून पाहा. टीडीएस 1900 म्हणजे लिटरमागे जवळजवळ दोन ग्रॅम क्षार. ट्रेला रोज लिटरभर पाणी दिलं तर तीन आठवड्यांत चाळीस ग्रॅमच्या आसपास खार त्या ट्रेत शिरला. पाणी उडून जातं, खार तिथेच राहतो. वावरात तो खोल जायला जागा असते. ट्रेचा खण दोन-तीन घोटांचा, त्यात खार जाणार कुठे? तुमच्या जिभेला लागली ती भुकटी तीच. शिवाय कोकोपीटमध्ये मुळातच क्षार असतात, म्हणून ते गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन पिळून घ्यायचं असतं. ते खाऱ्या पाण्यात भिजवलं की धुणं राहिलं बाजूला, खारात भरच पडते.

रोपांसाठी टीडीएस 500 च्या आत असलेलं बरं. मिरची फार नाजूक, वांगं लहानपणी तसंच. टमाटर त्यातल्या त्यात सोसतं.

खात्री करायची तर एकच ट्रे घ्या. मधोमध खडूने रेघ मारा. तेच धुतलेलं कोकोपीट, तेच बी, तीच जागा. एका बाजूला फक्त पावसाचं पाणी, दुसऱ्या बाजूला फक्त बोअरचं. बाकी काहीही बदलू नका, औषध तर मुळीच ओतू नका. पहिलं खरं पान (बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरचं) येईपर्यंत थांबा. मग दोन्हीकडचं एकेक रोप उपटून मुळं शेजारी ठेवून बघा. पानांपेक्षा मुळं लवकर सांगतात.

सासूबाई अगदी खरं सांगतात. तेव्हा वाफा उघड्यावर असायचा आणि रोपं टाकायचे पाऊस लागल्यावर. वरून पडणारं पाणी गोडं, तेच खार मुळांखाली ढकलत न्यायचं. तुमचे ट्रे सपरीत, पाऊस बाहेर. पावसाळ्यातही रोपांनी बोअरचंच पाणी प्यायलं.

पाण्याची सोय आत्ताच करा, पाऊस आहे तोवर. दहा बाय दहा फुटांच्या टिनावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 80-90 लिटर पाणी हाती येतं. पन्हाळीला पाइप लावून 200 लिटरचे ड्रम भरून ठेवा. सुरुवातीचं धुळीचं पाणी वाहून जाऊ द्या. तोंडाला कपडा बांधून वर झाकण ठेवा, नाहीतर डासांची पैदास होते. दहा ट्रे महिनाभर वाढवायला 300 लिटर धरा. ड्रम कमी पडले तर तीन बादल्या पावसाच्या आणि एक बादली बोअरची असं मिसळा, टीडीएस 500 च्या आत राहतो. कोबी आणि टमाटरला हे चालेल, मिरचीला शुद्ध पावसाचंच ठेवा.

आणि कॉपर व ट्रायकोडर्मा पाठोपाठ देऊ नका. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे, कॉपर तिलाही मारतं. निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

काळी_कसदार :

पूर्णाकाठ भाऊ, जिप्सम टाकून नाही का जमणार? आमच्याकडे चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) वावरात टाकतात.

पूर्णाकाठ :

वावरासाठी ठीक आहे, तेही माती परीक्षण करून आणि निचरा असेल तर. जिप्सम मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम सोडवतं, पण ते वाहून न्यायला पुन्हा गोडं पाणीच लागतं. ट्रेत जिप्सम टाकलं तर क्षारात भरच. ट्रेतला खार गोड्या पाण्याने खालून निथळेपर्यंत धुतला तरच जातो.

सांदवाडी :

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्णाकाठ दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेघ मारून ट्रे लावला, वांग्याचंच बी घेतलं. पोळ्याच्या धावपळीत लिहायला उशीर झाला.

उगवण दोन्हीकडे झाली, बोअरच्या बाजूला थोडी मागे. दोन पानांपर्यंत मला तरी फारसा फरक दिसला नाही, वाटलं पाण्याचं कारण नसावं. पण खरं पान फुटायला लागलं तसं बोअरच्या बाजूच्या पानांच्या कडा आत वळल्या आणि तोच तपकिरी रंग आला. आज दोन्हीकडचं एकेक रोप उपटून पांढऱ्या ताटात ठेवलं. पावसाच्या पाण्यावरच्या रोपाची मुळं पांढरीशुभ्र, खणाच्या तळापर्यंत जाऊन वळलेली, कोकोपीट धरून गठ्ठाच बाहेर आला. बोअरच्या बाजूच्या रोपाला दोन आखूड मुळ्या, कोकोपीट सगळं गळून पडलं. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, वाफ्यातलं रोप असंच माती धरून निघायचं. गटातल्या दोघी येऊन बघून गेल्या, त्याही आता टिनाला पन्हाळी लावणार आहेत.

एकही रोप आडवं पडलं नाही, पाणी सकाळीच देत होते.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. पावसाच्या पाण्यावरची रोपं उंच आणि बारीक झाली आहेत, सपरीत ऊन कमी येतं म्हणून का? आणि मुख्य म्हणजे, गोड्या पाण्यावर वाढवलेली ही रोपं शेवटी सांदवाडीत बोअरच्याच पाण्यावर जगवायची आहेत. मग ती तिथे मरणार नाहीत का?

धानपट्टा :

उन्हासाठीच ताणली आहेत. कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात आणायला हवं, एक-दोन दिवसांच्या अंधारातही देठ लांबतो. अंगणात बांबूच्या चौकटीवर 50 टक्के सावलीची शेडनेट आणि बाजूंनी 40 ते 50 मेशची कीटकजाळी लावा. मिरचीच्या चुरडा-मुरड्यामागे फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी असते. जाळीने माशी अडते. फुलकिडे आणि कोळी त्याहून बारीक, त्यांच्यासाठी पानांची खालची बाजू रोज बघत जा. टमाटर जास्तच लांबलं असेल तर लावताना देठ थोडा खोल गाडा, गाडलेल्या देठाला मुळं फुटतात. मिरची-वांग्याला तसं करू नका.

पूर्णाकाठ :

ताई, ताटात ठेवून बघितलंत ते फार छान केलंत.

रोप मोठं झालं की खार बराच सोसतं, मुळं पसरायला जागा असते. तरी काळजी घ्यायचीच. टमाटर 25 ते 30 दिवसांचं, वांगं महिना-सव्वा महिन्याचं, मिरची 35 ते 45 दिवसांची झाली की लावा. लावण्याआधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करा, नेट दिवसातून थोडा वेळ बाजूला करा. त्याच आठवड्यात बोअरच्या पाण्याचा वाटा थोडा वाढवत न्या, एकदम नको. लावायच्या दिवशी आणि पुढचं एक पाणी ड्रममधलं देता आलं तर द्या.

आणि सरी-वरंबा करणार असाल तर रोप वरंब्याच्या डोक्यावर लावू नका. सरीतून पाणी वर चढतं, डोक्यावर पोचून उडून जातं आणि खार तिथेच साचतो. रोप बगलेत, पाणी पोचतं त्या रेषेच्या जरा वर लावा. वरंब्याच्या माथ्यावर पांढरं दिसायला लागलं की समजा, तिथे लावलं असतं तर गेलं असतं.

पुढच्या मे महिन्यात वाफ्याची जागा ओली करून पारदर्शक प्लास्टिकने कडा बंद करून महिनाभर झाका. आपलं ऊन त्याला पुरेसं आहे, बऱ्याच बुरशा आणि तणाचं बी त्यात मरतं. पाऊस लागल्यावर तिथे 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. मिरचीचं बी तिथेच, उघड्या पावसावर टाका. खरिपात तुम्हाला ट्रेची गरजच पडणार नाही.

सांदवाडी :

बगलेत लावायचं हे आमच्याकडे कोणी करत नाही, सगळे माथ्यावरच लावतात. या वेळी एक सरी बगलेत आणि एक माथ्यावर लावून बघते, दोन्हीला एकच पाणी. बोअरचं पाणी परीक्षणाला दिलंय. कागद आला की आकडे इथे टाकते, कोबी लावायची की नाही ते तेव्हा विचारेन.