वेझले : बर्गंडीतील टेकडीवरच्या गावाचे अनुभव

धागालेखिका, पॅरिस

फ्रान्सला येणारे बहुतेक मराठी प्रवासी पॅरिस पाहून झाले की थेट स्वित्झर्लंडची गाडी धरतात आणि मधला ग्रामीण फ्रान्स खिडकीबाहेर मागे पडत राहतो. त्या मधल्या प्रदेशातील एका गावाचे अनुभव एकत्र यावेत, म्हणून हा धागा काढत आहे. वेझले हे गाव बर्गंडीतील योन जिल्ह्यात एका टेकडीच्या लांबट पाठीवर वसलेले आहे. कायम वस्ती पाचशेच्याही आत, तरी मध्ययुगीन युरोपच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते. माथ्यावरील संत मेरी मॅग्डालीन या ख्रिस्ताच्या शिष्येची बॅसिलिका, म्हणजे मोठे चर्च, आणि ती टेकडी यांचा समावेश १९७९ मध्ये, फ्रान्समधील अगदी पहिल्या स्थळांबरोबर, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

प्रथम माझा अनुभव सांगते. पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून सेर्मिझेलला जाणारी गाडी साधारण अडीच-पावणेतीन तास घेते. तेथून गाव सुमारे १० किलोमीटर दूर आहे आणि स्थानकाबाहेर वाहन उभे असेलच असे नाही, म्हणून टॅक्सी आधी ठरवून ठेवावी. गावाच्या पायथ्याशी जुन्या बाजाराचे मैदान आहे. तेथून एकच मुख्य रस्ता चढत बॅसिलिकेच्या दारापर्यंत जातो. त्याच्या फरसबंदीत पितळी शिंपले बसवलेले आहेत, कारण स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेलाला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचा एक प्रमुख मार्ग येथून सुरू होतो आणि शिंपला ही त्या यात्रेची खूण आहे.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावले ते गावाच्या आकाराने. एवढे प्रचंड मंदिर इतक्या लहान वस्तीत कसे, या प्रश्नाचे उत्तर अस्थींच्या कथेत आहे. मेरी मॅग्डालीनच्या अस्थी आपल्याकडे आहेत असे येथील मठ अकराव्या शतकापासून सांगत असे, आणि त्या श्रद्धेवर यात्रा, बाजार व मठाचे वैभव वाढले. १२७९ मध्ये प्रोव्हान्समधील सँ-माक्सिमँ येथे त्याच संतेच्या अस्थी सापडल्याचा दावा झाला, पुढे पोपनेही तिकडे कौल दिला आणि वेझलेकडे येणारा लोंढा आटत गेला. ज्या ऱ्हासाने गाव गरीब केले, त्याच ऱ्हासाने त्याचा मध्ययुगीन आराखडाही मोडू दिला नाही, असे मला वाटते.

माझी आग्रहाची सूचना एकच आहे: येथे रात्रीचा मुक्काम करावा. दिवसभराच्या सहलींच्या बसगाड्या संध्याकाळी निघून जातात आणि त्यानंतर गाव त्याच्या रहिवाशांचे होते. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

वास्तुविशारद, पुणे

मी तेथे केवळ बॅसिलिका पाहण्यासाठी गेलो होतो आणि त्याबद्दलच लिहितो. बाहेरच्या दर्शनी भिंतीवरून पुष्कळ लोक निराश होतात, आणि त्याचे कारण खरे आहे: बाहेरील मुख्य दारावरचे शिल्प फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नष्ट झाले आणि आज दिसते ते एकोणिसाव्या शतकातील आहे. परंतु आत शिरल्यावर प्रथम एक प्रशस्त प्रवेशदालन लागते आणि त्याच्या पलीकडच्या दारावर बाराव्या शतकातील मूळ अर्धवर्तुळाकार शिल्पपट तसाच आहे. मध्यभागी ख्रिस्त बसलेला आहे, त्याच्या बोटांतून निघालेले किरण शिष्यांच्या मस्तकांपर्यंत पोहोचतात आणि सभोवती जगातील नाना लोक कोरलेले आहेत.

या लोकांमध्ये एक कुटुंब हत्तीएवढ्या कानांचे आहे. मेगॅस्थेनिसने भारतात कान अंथरून-पांघरून झोपणारे लोक असल्याचे ऐकून लिहिले होते, आणि आपल्याकडे महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात ‘कर्णप्रावरण’ लोकांचा उल्लेख येतो. एका दूरच्या फ्रेंच टेकडीवर, जगाच्या कडेला राहणारी माणसे म्हणून बाराव्या शतकातील शिल्पकाराने जी मंडळी कोरली, त्यांच्या कथेचा एक धागा आपल्या महाकाव्यापर्यंत जातो हे लक्षात आल्यावर मी बराच वेळ त्या दाराखालून हललो नाही. त्यांच्या शेजारी शिडी लावून घोड्यावर चढणारे बुटके लोकही आहेत. ते अवश्य शोधावेत.

आतील मुख्य दालनाच्या कमानी फिकट आणि गडद दगडांनी आलटून-पालटून बांधलेल्या आहेत. पूर्वेकडील गाभारा मात्र बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील, सुरुवातीच्या गॉथिक, म्हणजे अधिक उजेड आत घेणाऱ्या, शैलीतील आहे. त्यामुळे चालता चालता काळोखाकडून उजेडाकडे गेल्यासारखे होते. दक्षिण बाजूच्या एका स्तंभशीर्षावर गिरणी कोरलेली आहे: मोझेस वरून धान्य ओततो आणि संत पॉल खाली पीठ गोळा करतो. बायबलमधील जुन्या कराराचे धान्य नव्या करारात पीठ होऊन येते, हा विचार एवढ्याशा दगडात इतक्या सहजतेने मांडलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

या बॅसिलिकेचा जीर्णोद्धार करणारे फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांच्यावर आमच्या व्यवसायात बरीच टीका होते. १८४० मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, त्यांच्याकडे हे काम आले तेव्हा छते कोसळण्याच्या बेतात होती. ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक मेरिमे यांनी त्याआधीच सरकारला इशारा दिला होता. काम १८५९ पर्यंत चालले. त्यांनी काही भाग स्वतःच्या कल्पनेने घडवले हे मान्य करूनही मी म्हणेन की ते नसते तर आज पाहण्यासारखे फारसे उरले नसते. झिजलेल्या स्तंभशीर्षांच्या जागी त्यांनी प्रतिकृती बसवल्या आणि मूळ दगड जपून ठेवले. ते शेजारच्या छोट्या संग्रहालयात आहेत.

संशोधक विद्यार्थिनी, दिजाँ

मी जूनच्या २१ तारखेच्या आसपास गेले होते. त्या दिवसांत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, म्हणजे घड्याळात दुपारी पावणेदोनच्या सुमारास, दक्षिणेकडील वरच्या खिडक्यांतून येणारा प्रकाश दालनाच्या बरोबर मध्यरेषेवर पडतो आणि दारापासून गाभाऱ्याकडे जाणारी कवडशांची सरळ ओळ तयार होते. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी तोच प्रकाश खाली न पडता उत्तर बाजूच्या वरच्या स्तंभशीर्षांवर पडतो. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो आणि हिवाळ्यात खाली, एवढेच त्यामागचे भौतिक कारण आहे. पण खिडक्यांची उंची आणि दालनाची रुंदी यांचा मेळ इतका नेमका आहे की तो नुसता योगायोग मानणे मला जड जाते.

त्या दुपारी गर्दी फार होते. ज्यांना शांतता हवी त्यांनी नोव्हेंबरात जावे. बरीच दुकाने बंद असतात, परंतु प्रार्थनेच्या वेळी पांढऱ्या वस्त्रांतील साधू-साध्वींचे अनेक स्वरांतील गायन थंड दगडी दालनात ऐकता येते.

निवृत्त प्राध्यापक, नाशिक

मी वेझलेला गेलो तो रोमाँ रोलाँ यांच्यासाठी. गांधीजी, रामकृष्ण परमहंस आणि विवेकानंद यांची ओळख युरोपला करून देणाऱ्या या नोबेलविजेत्या लेखकाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस वेझलेत घर घेतले आणि ३० डिसेंबर १९४४ रोजी तेथेच देह ठेवला. त्यांचे जन्मगाव क्लामसी तेथून जवळच आहे. १९३१ च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी त्यांना भेटले ते स्वित्झर्लंडमधील व्हिलनव्ह येथे. वेझलेला गांधीजी आलेले नाहीत, हे मुद्दाम नमूद करतो, कारण आमच्या गटातील अनेकांची तशी समजूत होती.

मुख्य रस्त्यावरील त्यांच्या घरात आता झेर्वोस संग्रहालय आहे. क्रिस्तियाँ झेर्वोस हे पिकासोच्या चित्रांची बृहत् सूची तयार करणारे प्रकाशक. त्यांनी आपला कलासंग्रह या गावाला दिला. पिकासो, मिरो, कांदिन्स्की, लेजे यांची मूळ चित्रे एवढ्याशा गावातील एका घराच्या खोल्यांमध्ये, जवळजवळ एकट्याने पाहण्याचे भाग्य मोठ्या शहरात मिळत नाही. तरीही माझे मन खिडकीकडेच अधिक गेले. जर्मन फौजांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये, प्रकृती खालावलेली असताना, पहिल्या महायुद्धाला उघड विरोध केलेला हा माणूस याच दरीकडे पाहत लिहीत होता, हा विचार तेथे टाळता येत नाही.

पदयात्री, कोल्हापूर

धागालेखिकेने मुक्कामाचा आग्रह धरला आहे. त्यात मी पायी चालण्याची भर घालतो. टेकडीखालच्या सँ-पेर गावातून, द्राक्षमळ्यांच्या कडेने वर येणारी वाट घ्यावी. माझ्या घरात आषाढी वारीची परंपरा असल्यामुळे कळस दिसू लागल्यावर पायांना येणारा वेग मला ठाऊक आहे, आणि वेझलेची शिखरे झाडांवर दिसू लागली तेव्हा तसेच झाले.

टेकडीच्या उत्तर उतारावर ला कोर्देल नावाचे लहानसे प्रार्थनास्थळ आहे. ३१ मार्च ११४६ रोजी, राजा सातवा लुई उपस्थित असताना, क्लेअरव्हो मठाचे प्रमुख संत बर्नार्ड यांनी दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक दिली ती याच परिसरात उघड्यावर, कारण जमलेला समुदाय मंदिरात मावणे शक्य नव्हते. ११९० मध्ये इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप हे दोघे राजे तिसऱ्या धर्मयुद्धावर निघताना येथेच एकत्र आले. तलवारीची हाक जेथून गेली त्या जागी भक्तिभावाने उभे राहणे मला अवघड गेले, आणि ते येथे लिहिणे आवश्यक वाटते.

म्हणूनच बॅसिलिकेच्या बाजूच्या भिंतींना टेकवलेले मोठे लाकडी क्रूस मला गावातील सर्वांत महत्त्वाची वस्तू वाटतात. बर्नार्ड यांच्या हाकेला ८०० वर्षे झाली तेव्हा, १९४६ च्या उन्हाळ्यात, युरोपातील निरनिराळ्या भागांतून लोक शांतीसाठी पायी वेझलेला आले आणि त्यांनी खांद्यावरून १४ क्रूस आणले. जवळच्या छावणीतील जर्मन युद्धकैद्यांनी आम्हालाही येऊ द्या अशी विनंती केली. त्यांनी बाँबहल्ल्यात पडलेल्या घराच्या तुळयांपासून पंधरावा क्रूस बनवला, आणि युद्ध संपून जेमतेम वर्ष उलटलेले असताना इतरांनी त्यांना आपल्यात घेतले. धर्मयुद्धाचे वर्ष सर्व पुस्तिकांत ठळक असते. या क्रूसांची माहिती मात्र पुष्कळ प्रवासी न वाचताच पुढे जातात.

गृहिणी, ठाणे

आमच्याबरोबर सासू-सासरे होते, त्यामुळे व्यवहाराच्या गोष्टी लिहिते. चढ सलग आहे आणि फरसबंदी उंचसखल आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी घ्यावी आणि वाटेतील बाकांवर थांबत जावे. गाड्या पायथ्याच्या मैदानावर लावाव्या लागतात. आम्ही उतरलो त्या जुन्या घरात उद्वाहक (लिफ्ट) नव्हता आणि जिना अरुंद होता, म्हणून ज्येष्ठांसाठी तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी.

दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन एवढ्याच वेळात मिळते. त्यानंतर स्वयंपाकघर बंद होते आणि विनंती करून उपयोग होत नाही. शाकाहारी माणसाची शेळीच्या चीजचे सॅलड, सूप आणि ताजा पाव यांवर चांगली सोय होते. गुजेर नावाचे चीजचे फुगीर गोळे बर्गंडीत सर्वत्र मिळतात, पण त्यात अंडे असते हे ध्यानात ठेवावे. आम्ही घेतली नाही, तरी येथील पांढरी वाइन नावाजलेली आहे आणि २०१७ पासून तिला गावाच्या नावाने स्वतंत्र मानांकन आहे. दुकानात शिरताच प्रथम ‘बोंजूर’ म्हणावे. सासूबाईंनी तेवढा एक शब्द मनापासून उच्चारला आणि पाववाल्या बाईंनी त्यांना खुर्ची आणून दिली.

झेर्वोस संग्रहालय हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे प्राध्यापकसाहेबांनी लिहिलेले घर पाहायचे असेल तर मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा. स्वतःची गाडी असल्यास जवळचा बाझोशचा किल्लाही पाहता येतो. चौदाव्या लुईचा दुर्गस्थापती व्होबाँ याचे ते निवासस्थान होते, आणि शिवकालीन किल्ले पाहत वाढलेल्या आमच्या सासऱ्यांना तेथील दुर्गांचे नकाशे पाहून जो आनंद झाला तो संपूर्ण प्रवासात दुसरीकडे झाला नाही.