मदत हवी आहे: झार (जेलीफिश) लागल्यापासून लेक पाण्याला घाबरते, आणि लवकरच पुन्हा समुद्रावर जायचंय

रानजाई

नमस्कार मंडळी,

लेक साडेतीन वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलो होतो. तेव्हापासून ती पाण्याला घाबरते. समुद्राचं सोडाच, बाथरूममध्ये बादली भरल्याचा आवाज आला तरी सोफ्यामागे जाऊन बसते. आंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं, एवढंच चाललंय. केस धुवायला घेतले की असा आकांत करते की शेजारच्या काकू बघायला येतात.

आता अडचण अशी आहे की तुळशीचं लग्न लागलं की धाकट्या दिराचं लग्न आहे आणि त्यानंतर नव्या जोडप्याला घेऊन सगळ्यांनी गुहागरला व्याडेश्वराला जायचं आहे. आमचं कुलदैवत आहे ते. सासूबाईंनी अभिषेक सांगून ठेवलाय आणि उतरायची जागा तिथल्या खालचा पाट या वस्तीत, मागच्या वाडीतून थेट किनाऱ्यावर उतरणारी. जाणं टाळता येणार नाही आणि मला टाळायचंही नाही. सासरे गेली काही वर्षं गुडघ्यांमुळे कुठे गेले नाहीत, ते या निमित्ताने येतायत.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

जाताना घाटात तिला दोनदा उलटी झाली. त्याने ती मलूल झाली होती, पण सुरूच्या बनातून समुद्र दिसला आणि पोरगी एकदम खुलली. संध्याकाळभर ओल्या वाळूत खड्डे करत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा तिचा एकेक हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे होतो. लाट आली की उडी मारायची, असा खेळ चालला होता. पाणी पुष्कळ गढूळ होतं. एका उडीनंतर ती हसता हसता थांबली, खाली पायाकडे बघितलं आणि मग किंचाळली. डाव्या पोटरीवर, मागच्या बाजूला, बारीक सुतळीने मारल्यासारखे लाल वळ उठले होते. तीन-चार रेघा, एकमेकींना छेद देणाऱ्या. आम्हाला पाण्यात काहीच दिसलं नाही. जवळ जाळं झटकत बसलेले एक आजोबा म्हणाले, "झार लागलीय."

मग माणसं जमली. कुणी ओली वाळू चोळा म्हणालं, कुणी लिंबू, एकाने तर भलतंच सुचवलं. त्या आजोबांनी सगळ्यांना बाजूला सारलं आणि समुद्राचंच पाणी ओता म्हणाले. पण ती पाय झाडत होती, म्हणून आम्ही तिघांनी तिला घट्ट धरलं आणि नवरा बादलीने पाणी ओतत राहिला. ती आरडत होती, "पाणी नको, पाणी चावतंय." तासाभराने ठणका कमी झाला. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी औषध आणि मलम दिलं. वळ आता काळपट झालेत, अधूनमधून खाजवते.

घरी आल्यावर ती सगळ्यांना हेच सांगते, "मला पाण्याने चावलं." आजीला, पाळणाघरातल्या मावशींना, वॉचमनकाकांना. अगदी गंभीरपणे सांगते.

तर मला विचारायचंय की ही भीती घालवायला घरी काय करता येईल, गुहागरला नेल्यावर तिला किनाऱ्यावर न्यावं की लांबच ठेवावं, आणि पुन्हा झार लागू नये म्हणून काय बघायचं. सगळे हेदवीलाही जाणार आहेत, तिथे बामणघळ (भरतीचं पाणी उसळतं ती कातळातली चीर) दाखवावी का? "मोठी झाली की विसरेल" असं कृपया सांगू नका. घरात रोज तेच ऐकते आहे, आणि रोज तिचं रडणंही ऐकते आहे.

शिशुवैद्य

आधी पायाचं सांगतो. काळपट डाग बरेच दिवस राहतात, काही मुलांना महिने लागतात, पण हळूहळू पुसट होतात. त्या जागेला कडक ऊन लागू देऊ नका. दंश बरा झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तिथेच पुन्हा खाज सुटणं किंवा पुरळ येणंही होतं. खाजवून जखम होत असेल किंवा पुरळ पसरत असेल तर पुन्हा दाखवा.

आजोबांनी सांगितलं ते अगदी योग्य होतं. गोडं पाणी ओतलं किंवा वाळू, टॉवेल चोळला तर कातडीला चिकटलेल्या झारीच्या न फुटलेल्या डंखाच्या पेशी फुटतात आणि विष आणखी उतरतं. म्हणून समुद्राच्या पाण्याने धुवायचं, दोरे चिकटले असतील तर चिमट्याने काढायचे, नुसत्या बोटांनी नाही. त्यानंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवला की ठणका चांगला उतरतो. पाणी ४५ अंशांच्या वर नको. मोठ्या माणसाने आधी आपला हात घालून बघायचं, लहान मुलाची कातडी लवकर भाजते. व्हिनेगर सगळ्या जातींना चालत नाही, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर कुठली झार लागली हे माहीत नसताना ते वापरू नका. लघवीचा तर काहीच उपयोग नाही.

श्वासाला त्रास, ओठ किंवा चेहरा सुजणं, वारंवार उलट्या, गुंगी, डोळ्याला दंश किंवा अंगाचा मोठा भाग व्यापणारे वळ, यातलं काहीही दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. गुहागरला पोहोचल्यावर पहिल्या दिवशीच ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते विचारून ठेवा.

बालवाडीची ताई

तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. तिला पाण्याने चावलं. तिने झार बघितलीच नाही, तिला पाणीच दिसलं. वर तिला धरून ठेवून तेच पाणी तिच्यावर ओतलं गेलं. तिच्या जागी बसून विचार केला तर तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. (पाणी ओतणं गरजेचं होतं, ते तुम्ही केलंच पाहिजे होतं. मी फक्त तिला काय दिसलं ते सांगतेय.) म्हणून "पाणी काही करत नाही, बघ" असं कितीही म्हटलं तरी तिला पटणार नाही, कारण तिने ते सोसलंय. तिला खरा चावणारा दाखवा.

एक करून बघा. पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या, वरचा भाग छत्रीसारखा ठेवा आणि खालच्या अंगाला कापून लांब लांब झिरमिळ्या करा. ही झार. आधी कोरड्यात तिच्या हातात द्या, नाव ठेवू द्या, रागावू द्या. मग पसरट टबात पाणी घेऊन, ती लांब उभी असतानाच, ती झार पाण्यात सोडा. ती दिसेनाशी होते. "अगं, म्हणून आपल्याला दिसली नाही!" एवढंच म्हणा. पुढचं तिचं ती जुळवते. आणि लगेच हेही सांगा की झार खाऱ्या समुद्रात राहते, नळातून येत नाही, बादलीत राहत नाही. हे सांगायला विसरलात तर मात्र ती बादलीत झार शोधत बसेल.

आंघोळीचं पाणी काही दिवस तिच्या ताब्यात द्या. तांब्या तिच्या हातात. आधी बाहुलीची आंघोळ, मग तुमच्या पायावर, मग वाटलं तर तिच्या पायावर. तिने नको म्हटलं की त्या दिवशी थांबायचं, खरंच थांबायचं. एकदा फसवून डोक्यावर पाणी घातलंत तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. केस आठवडाभर नाही धुतले तरी चालतात. नळ आधी बंद दाराआड सोडून बादली भरून ठेवा, म्हणजे तो आवाज वाचेल.

आणि वॉचमनकाकांना सांगतेय ना, सांगू दे. थांबवू नका, हसू नका. पुन्हा पुन्हा सांगूनच मुलं अशा गोष्टी पचवतात. झोप उडाली, जेवण सुटलं किंवा महिना-दीड महिन्यात काहीच फरक पडला नाही, तर मुलांच्या समुपदेशकांना भेटा.

घाटवाट

उलटीपुरतं लिहितो. पुण्याहून उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतराल. पाटणला थांबून तिला थोडं कोरडं काही खायला द्या, राजगिऱ्याची वडी, लाह्या. पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. घाटात मोबाइल हातात अजिबात नको, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. औषध द्यायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

रानजाई

ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. पिशवीची झार केली. पहिल्या दिवशी तिने ती हातात घेतली आणि जोरात चापट मारली, मग कपाटाच्या वर ठेवायला लावली. नंतर स्वतःच मागितली. टबात सोडल्यावर वाकून बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "लपली!" मग स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी घेऊन आली आणि चाळणीने ती झार पकडून बाहेर फरशीवर टाकली. पुन्हा सोडायला सांगितलं, पुन्हा पकडली. कोपरापर्यंत हात भिजले होते, तिच्या लक्षातही आलं नाही. मी काही बोलले नाही, पदराने डोळे पुसले फक्त.

बादलीची आंघोळ अजून नाही. पण काल बाहुलीला घातली.

शिशुवैद्य, तुमचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतलाय. आता कुणी गुहागरकडचं असेल तर किनाऱ्याबद्दल सांगा. अभिषेक मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला आहे.

खाडीपलीकडे

ताई, मी पालशेतचा. उशिरा बघितलं, क्षमस्व.

झारीचं आधी. ती येते तेव्हा एकटी येत नाही. किनाऱ्यावर उतरलात की आधी भरतीने जिथवर कचरा आणून टाकलाय त्या रेघेने थोडं चाला. काचेसारखे, चिकट गोळे पडलेले दिसले तर त्या दिवशी पाण्यात पाय घालायचा नाही. मेलेल्या झारीचे दोरेही डंख करतात, म्हणून वाळूत पडलेल्या झारीला मुलांनी हात लावायचा नाही. आणि दर्यावरून आलेल्या कुणालाही विचारा, "झार हाय काय?" म्हणून. जाळ्यात आली असेल तर तो लगेच सांगेल. लेकीला अंगाबरोबरची लांब विजार घाला, तेवढंच संरक्षण.

आता वेळ. आमच्याकडे भरती काढायची रीत सोपी आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि रोज ती पाऊण तासाने पुढे सरकते. शिवाय अष्टमीला भांग असतो, अमावास्या-पौर्णिमेसारखं उधाण नसतं. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तुमच्यासारख्यांना याहून बरा दिवस नाही.

तुम्ही सकाळी साडेनऊ-दहाला उतरा. तेव्हा पाणी मागे जात असतं. घाबरलेल्या पोराला हे फार बरं पडतं, समुद्र तिच्या अंगावर येत नाही, तिच्यापासून लांब जातो. मागे कडक ओली वाळू सुटते, खड्डे करायला उत्तम. तुमच्या सासऱ्यांची खुर्चीही त्या वाळूत रुतत नाही, त्यांना तिच्याजवळच बसवा. संध्याकाळी सगळी माणसं येतात, पण तेव्हा पाणी चढत असतं, ते पहिल्या दिवशी नको. मोठ्यांनीही ओहोटीला घोट्याच्या वर जाऊ नये, परतीचं पाणी पायाखालची वाळू घेऊन जातं. दोन फुटत्या लाटांच्या मधे जिथे पाणी शांत दिसतं, तिथे तर मुळीच नाही. लोकांना ती जागा बरी वाटते आणि ओढ तिथेच असते. हे नव्या जोडप्यालाही सांगा, फोटो काढायला तीच जास्त आत जातात.

हेदवीला दशभुज गणपतीचं दर्शन घ्या. बामणघळ या खेपेला राहू द्या. भरतीला त्या चिरेतून पाणी मोठा आवाज करत उंच उसळतं. मोठ्या माणसाचाही जीव दचकतो, आणि कातळ निसरडा असतो. त्याऐवजी वेळणेश्वरला जा, तिथे किनारा वळणाचा आहे आणि माडांची सावली अगदी वाळूपर्यंत.

रानजाई

दादा, खूप खूप आभार. साडेनऊचं पक्कं. एकच विचारते, अभिषेक सकाळी असतो, तो आटपून साडेनऊला किनाऱ्यावर पोहोचणं जमेल का? की दुसऱ्या दिवशी नेऊ?

खाडीपलीकडे

दुसऱ्या दिवशी न्या. नवमीला भरती पावणेसातला, म्हणजे तुम्ही दहा-सव्वादहाला उतरलात तरी पाणी उतरतंच असेल. अभिषेकाच्या दिवशी सोवळं, नैवेद्य, पाहुणे, घाई असते, आणि पोरीला घाईत नेऊ नका. चाळणी मात्र बरोबर घ्या.